विश्लेषण : रिपोर्ट ‘नॉर्मल’, मग हृदयविकार कसा? समजून घ्या जोखमीचे गणित

तिशी-चाळिशीतल्या कुणाला हृदयविकाराचा झटका आला, की सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि शाळेतल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास येते : ‘अरे, त्याचे तर सगळे रिपोर्ट नॉर्मल होते!’ पाठोपाठ कुणी लशीला दोष देतो, कुणी जिमला, कुणी तेलाला. परळमध्ये ही चर्चा जरा जास्तच होते. एका बाजूला केईएम, दुसऱ्या बाजूला टाटा मेमोरियल, मध्ये राज्यभरातून आलेले रुग्ण आणि त्यांचे पदपथावर मुक्काम ठोकलेले नातेवाईक, असा हा परिसर आहे. आजार इथे रोज डोळ्यांसमोर असतो. तरीही ‘जोखीम घटक’, म्हणजेच रिस्क फॅक्टर, या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कुठून आला आणि आपल्या हातातल्या रिपोर्टशी त्याचा संबंध काय, हे फारसे कुणी सांगत नाही.

जोखीम घटक म्हणजे कारण नव्हे का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. क्षयाचा जंतू हे क्षयाचे कारण आहे, तो नसेल तर क्षय होत नाही. हृदयविकाराचे तसे नाही. रक्तदाब वाढलेला असूनही झटका न येता नव्वदी गाठणारे आजोबा प्रत्येक चाळीत सापडतात, आणि रक्तदाब ठीक असूनही झटका आलेला माणूसही सापडतो. जोखीम घटक म्हणजे असा गुण किंवा सवय, जी असलेल्या हजार लोकांत आजार जास्त जणांना होतो आणि नसलेल्या हजार लोकांत कमी जणांना. हा हिशेब हजारांचा आहे. त्यातला नेमका कोण, हे तो सांगत नाही.

परळकरांना एक दिवस आठवत असेल. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. अरुंद जिना रोजच अरुंद होता. गर्दी रोजचीच होती. पाऊसही मुंबईला नवा नव्हता. त्या दिवशी अचानक आलेली सर, जिन्यावर थांबून राहिलेले लोक आणि पाठोपाठ आलेल्या गाड्यांतून उतरलेली गर्दी, हे सगळे एकाच वेळी जुळून आले. ‘कारण कोणते?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. पण पूल रुंद असता तर धोका कमी असता, हे कुणीही सांगेल. हृदयाच्या धमन्यांचे बरेचसे असेच असते. (योगायोग असा, की २९ सप्टेंबर हाच जागतिक हृदय दिन आहे.)

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या छोट्या गावातून. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला होता, पण वय झाले की रक्तदाब वाढायचाच, अशी त्या काळच्या बऱ्याच डॉक्टरांची समजूत होती. १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलावायचे, मोजमाप घ्यायचे आणि कुणाला काय होते याची नोंद ठेवायची, एवढीच पद्धत. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान असलेल्यांना झटके जास्त येतात, हे यातून पुढे आले. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी ते मांडले आणि ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द वैद्यकशास्त्रात रुळला.

तोवर हृदयविकार म्हणजे आल्यावर उपचार करण्याची गोष्ट होती. उपचारांच्या बाबतीत परळ मागे नव्हते. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जगातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केईएममध्ये केले. देशातले ते पहिले. रुग्ण काही तासच जगला. पण आजार येण्याआधी माणसांची मोजदाद करत बसण्याचे काम कमी झगमगाटाचे, आणि ते मुंबईत सुरू व्हायला आणखी दोन दशके लागली.

मुंबईकरांची अशी मोजदाद कधी झाली?

हा भाग फारसा कुणाला माहीत नसतो. १९९१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली मुंबई शहरात एक अभ्यास सुरू झाला. मतदार याद्या हातात घेऊन कार्यकर्ते घरोघरी गेले आणि ३५ वर्षांवरील सुमारे दीड लाख लोकांची नोंद केली. हे काम उपनगरांत नव्हे, मूळ शहरात झाले. श्रीमंत वस्तीतल्या इमारती वगळाव्या लागल्या, कारण सुरक्षारक्षक आत सोडत नसत. म्हणजे ज्यांची मोजदाद झाली ते बहुतांश चाळीत आणि साध्या इमारतींत राहणारे लोक. काही वर्षांनी कार्यकर्ते पुन्हा त्याच दारांवर गेले आणि कोण हयात आहे, कोण नाही, हे तपासले.

सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका तंबाखूला न शिवणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के जास्त निघाला. बिडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्के. ‘बिडीत काय असते, पान आणि चिमूटभर तंबाखू’ हा गिरणगावातला जुना युक्तिवाद तिथेच मोडला. सुरुवातीच्या नोंदीत निम्म्याहून जास्त स्त्रियाही तंबाखू वापरणाऱ्या आढळल्या, जवळजवळ सगळ्या मशेरी किंवा खाण्याच्या तंबाखूच्या रूपात. धूर न काढणाऱ्या या तंबाखूच्या वापरकर्त्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण जास्त होते. ‘धूम्रपान करता का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला मशेरी लावणारी आजी ‘नाही’ म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. प्रश्नच अपुरा असतो.

तंबाखूमुळे एक गोष्ट कळते. केईएमचा हृदयविकार विभाग आणि टाटा मेमोरियलमधला तोंडाच्या कर्करोगाचा विभाग यांच्यामध्ये जेमतेम एक रस्ता आहे, पण रुग्ण तिथे पोहोचतात ते बऱ्याचदा एकाच पुडीमुळे. मधुमेह, पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार यांची मुळे तपासली तरी तीच चार-पाच नावे पुन्हा पुन्हा येतात : तंबाखू, रक्तदाब, पोटाचा घेर, मीठ, बैठे काम. आजारांची यादी लांबलचक असली तरी जोखीम घटकांची यादी आखूड आहे.

घटक एकत्र आले की काय होते?

इथे अभियांत्रिकीतले जुने गणित उपयोगी पडते. बहुतेकांना वाटते, की धोके एकमेकांत मिळवले जातात. प्रत्यक्षात ते साधारणपणे गुणले जातात. भारतीय वंशाचे डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात (२००४) धूम्रपानामुळे झटक्याचा धोका साधारण २.९ पट, मधुमेहामुळे २.४ पट आणि उच्च रक्तदाबामुळे १.९ पट आढळला. तिन्ही एकाच माणसात असतील तर? बेरीज केली तर सात येतात. अभ्यासात आकडा आला १३. कॅल्क्युलेटरवर २.९, २.४ आणि १.९ यांचा गुणाकार करून पाहा.

याचा उलटा अर्थ जास्त कामाचा आहे. गुणाकारातला एक आकडा कमी केला तरी सगळे उत्तर खाली येते. तिन्ही गोष्टी असलेल्या माणसाने फक्त तंबाखू सोडली तरी त्याचा फायदा एकच घटक असलेल्या माणसापेक्षा मोठा असतो. ‘आता काय, मधुमेह आहेच, बीपीही आहे, सिगारेट सोडून काय होणार?’ हे वाक्य गणिताच्या विरुद्ध आहे.

मग रिपोर्टमधला ‘नॉर्मल’ म्हणजे काय?

‘नॉर्मल’ ही रेघ माणसांनी, उपचारांच्या सोयीसाठी आखलेली आहे. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला की साधारणपणे ‘उच्च रक्तदाब’ म्हणतात. पण १३८ आणि १४२ यांच्यात निसर्गाने कोणतीही भिंत घातलेली नाही. जगभरातल्या ६१ अभ्यासांतली दहा लाख माणसे एकत्र धरून २००२ मध्ये केलेल्या विश्लेषणात दिसले, की ४० ते ६९ या वयात रक्तदाब ११५/७५ पासूनच, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला, की हृदयविकार किंवा पक्षाघाताने मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट होतो. रेघेच्या बऱ्याच आधीपासून चढ सुरू झालेला असतो.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ मध्ये यातला विरोधाभास दाखवून दिला. खूप जास्त धोका असलेली माणसे मोजकी असतात. थोडासा धोका असलेली माणसे प्रचंड संख्येने असतात. त्यामुळे एकूण झटक्यांपैकी मोठा वाटा या दुसऱ्या, ‘तसे बरे आहे’ गटातून येतो. ‘त्याचे तर सगळे नॉर्मल होते’ या वाक्याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. सगळे थोडे थोडे वर होते. रिपोर्टवर लाल ठिपका एकही नव्हता.

परदेशी तक्ते आपल्याला लागू पडतात का?

पूर्णपणे नाही. फ्रेमिंगहॅमचे लोक जवळजवळ सगळे गोरे होते. त्यांच्यावरून बांधलेली सूत्रे दक्षिण आशियातल्या माणसांचा धोका बऱ्याचदा कमी दाखवतात. इंटरहार्टमधल्या भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळच्या रुग्णांचे वेगळे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्याचे मध्यम वय इथे ५३ होते, इतर देशांत ते जवळपास ५९ होते. म्हणजे सुमारे सहा वर्षे आधी. कारण गूढ नव्हते. तेच नेहमीचे घटक इथे कमी वयात जमा झालेले होते. ब्रिटनमधले ‘क्यूरिस्क’ हे गणन आता भारतीय वंशाची वेगळी नोंद घेते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दक्षिण आशियासाठी स्वतंत्र तक्ते दिले. मोबाइलवर सापडलेल्या कुठल्याही ‘हार्ट रिस्क कॅल्क्युलेटर’मध्ये आकडे भरण्याआधी तो कुणाच्या गर्दीवर बांधलेला आहे, एवढे पाहायला हवे.

वजनाच्या बाबतीत तर याचे उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले (परळचे नव्हे, नाव एकच) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन, अगदी सारखा होता : २२.३. दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखेच दिसत होते. बारीक हातपाय आणि पोटाभोवती साठलेली चरबी ही आपल्याकडची ठेवण जन्मापासूनच दिसते, हे पुण्याच्या ग्रामीण भागातल्या माता आणि बाळांवरच्या याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आले.

यात माझाही अनुभव आहे. गेल्या वार्षिक तपासणीत माझा बीएमआय २२.८ आला आणि शेजारी हिरव्या अक्षरांत ‘नॉर्मल’ लिहिले होते. कमरेचा घेर कुणी मोजलाच नाही. हा लेख लिहिताना आईच्या शिवणकामाच्या टेपने मोजला. ९३ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० आहे, स्त्रियांसाठी ८०. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, कारण पँट आपण पोटाखाली घालतो. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरायचा, पोट आत न ओढता.

‘धोका २३ टक्क्यांनी वाढतो’ असे वाचले तर घाबरायचे का?

अशा मथळ्यांत आमच्यासारख्या डिजिटल डेस्कवाल्यांचाही हात असतो, हे कबूल करायला हवे. उदाहरण पाळीच्या कामाचे घेऊ. गिरण्यांच्या काळात परळ-लालबागची घरे भोंग्यावर चालत आणि तिसऱ्या पाळीचा माणूस दिवसा माळ्यावर झोपे. आता लोअर परळला त्याच गिरण्यांच्या आवारात काचेच्या इमारती आहेत आणि अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी मुले मध्यरात्री टपरीवर दिसतात. पाळीत काम करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २३ टक्के जास्त असतो, असे २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एकत्रित विश्लेषणात म्हटले होते.

हे २३ टक्के कशाचे? समजा, दिवसपाळीच्या १०० जणांपैकी पुढच्या दहा वर्षांत आठ जणांना झटका येणार असेल, तर रात्रपाळीवाल्यांत तो साधारण दहा जणांना येईल. मथळ्यातले २३ टक्के म्हणजे प्रत्यक्षात शंभरात दोन माणसे. आणि मूळ धोकाच शंभरात एक असेल, जसा पंचविशीतल्या निरोगी मुलाचा असू शकतो, तर तो सव्वा होईल. म्हणून कोणताही ‘इतके टक्के जास्त’ असा आकडा वाचला की ‘किती जणांपैकी किती?’ हा प्रश्न विचारायचा. बातमीत त्याचे उत्तर नसेल तर बातमी अर्धी आहे.

पण हीच गोष्ट उलट्या बाजूनेही पाहावी लागते. शंभरात दोन म्हणजे एका माणसासाठी थोडे, पण लाखो कामगारांच्या शहरात हजारो.

आणि लस, जिम, प्रदूषण?

१८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. करोनाच्या लशीमुळे अशा मृत्यूंचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. जे घटक पुढे आले ते असे : करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात आधी कुणाचा असा अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत अतिरेकी मद्यपान, अमली पदार्थ किंवा अतिशय जोराचा व्यायाम. शेवटच्या मुद्द्यावरून ‘जिम घातक’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे. रोजचा बेताचा व्यायाम धोका कमी करतो. वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी अंगावर घेतलेले ओझे ही वेगळी बाब.

प्रदूषणाचा मुद्दा मात्र परळला नवा नाही. १९७० च्या दशकात केईएमचे डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग, अशी रहिवाशांची तपासणी केली होती. श्वास लागणे आणि खोकल्याबरोबर हृदयाच्या तक्रारींचीही त्यात नोंद होती. तेव्हा धूर गिरण्यांच्या चिमण्यांचा होता. आता धूळ बांधकामांची आणि धूर वाहनांचा. हा एक घटक असा, की तो कमी करणे एकट्या माणसाच्या हातात नाही. ‘जीवनशैली बदला’ असा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. तिसरी पाळी, दीड तासाचा लोकलप्रवास आणि दहा बाय बाराची खोली, हे कुणी आवडीने निवडलेले नसते.

परळमध्ये राहणाऱ्याने आता नेमके काय तपासावे?

महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांचे सर्वेक्षण केले, त्यात साधारण ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. मीठ रोज पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे असे सांगितले जाते, मुंबईकर त्याहून बरेच जास्त खातो. लालबागच्या चिवडा गल्लीच्या शेजारी राहून हे सांगणे म्हणजे धाडसच. पण वरून घेतलेले मीठ, लोणचे, पापड आणि फरसाण यांतले एक जरी रोजचे न राहता सणाचे झाले तरी फरक पडतो.

रक्तदाब आणि रक्तातली साखर महापालिकेच्या दवाखान्यांत आणि ‘आपला दवाखाना’ केंद्रांत मोफत तपासली जाते. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी ती व्हावी. वडील किंवा भावाला ५५ च्या आधी, आई किंवा बहिणीला ६५ च्या आधी झटका आला असेल तर हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. अशा घरात ‘लायपोप्रोटीन ए’ ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी का, हेही विचारावे. हा घटक आनुवंशिक असतो आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीत दिसत नाही.

रक्तदाब मोजण्यातही चूक होते. जिना चढून आलेल्या, चहा घेतलेल्या, रांगेत वाद घातलेल्या माणसाचा लगेच घेतलेला आकडा खरा नसतो. पाच मिनिटे पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर ठेवा, हात हृदयाच्या पातळीवर, बोलू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायला सांगा.

आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, अचानक धाप असे झाले तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा प्यायला जाऊ नका. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा, मळमळ किंवा धाप एवढेच असू शकते. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन ईसीजी काढा. तो पाच मिनिटांत निघतो. पहिला ईसीजी ठीक आला आणि त्रास सुरूच असेल, तर तिथून निघू नका, थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगा.